साडेतीनशेची रवी

रविवार, रात्री साडेदहा

आषाढी होऊन आठवडा झाला. आता काढीव मुहूर्ताची एखादी ऑर्डर आली तर आली, नाहीतर तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या मेकअपच्या धंद्याला सुट्टी. सुट्टी कसली म्हणा, लग्नसराईत ज्या ज्या गोष्टींकडे काणाडोळा केला त्या सगळ्या आता एकेक करून समोर येऊन बसतात. त्यात पहिला मान ब्रशांचा.

दोन चेहऱ्यांच्या मधे मी ब्रश पुसते, ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून, टिश्यूवर. त्यात कधी चालढकल नाही. पावसाळ्यात डोळे यायची साथ असते आणि नवरी, करवली, नवरीची मावशी सगळ्या एकाच किटपुढे रांगेत बसलेल्या असतात. पण पुसणं वेगळं आणि धुणं वेगळं. मुळाशी फाउंडेशन साचून थर झालेला असतो, तो पुसण्याने हलत नाही. सत्तावीस ब्रश तळहातावर घासत बसायचं म्हणजे दोन तास मोडतात आणि बोटांना सुरकुत्या येतात. म्हणून मे महिन्यापासून मी ते 'उद्या' वर ढकलत होते.

शेवटी मंगळवारी ते ब्रश धुण्याचं यंत्र मागवलं. ३४९ रुपये. खोक्यात एक वाडगा, त्याच्यावर बसायची कडी, टॉर्चसारखी दांडी आणि लहानमोठ्या आठ रबरी टोप्या. ब्रशच्या मापाची टोपी त्याच्या बुडाला चढवायची, टोपी दांडीत खोचायची, बटण दाबलं की ब्रश गरगरतो. सेल मात्र खोक्यात नव्हते. टीव्हीच्या रिमोटमधले बारीक सेल काढून घातले, त्यामुळे सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, सातच्या बातम्या हुकल्या.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "अगं, ही तर रवी!"

रवीच. तीही एका दमात दोन्हीकडे फिरत नाही अशी.

आमच्याकडे वाघोलीत टँकरचं पाणी, जड. साबण चोळला तर फेसाऐवजी पांढरी साय धरते आणि ती ब्रशच्या केसांना चिकटते, हे मागच्या वर्षी एक पावडर ब्रश खरखरीत करून शिकले. शाम्पूचं तसं होत नाही. म्हणून लहान मुलांचा शाम्पू, कोमट पाणी. दाट केसांचा मोठा काबुकी ब्रश पहिला घातला. दहा सेकंदांत पाणी टपरीवरच्या चहासारखं झालं. इतकं समाधान वाटलं की मी वाडग्यातून ब्रश वर काढला आणि बटण सोडायचं विसरले. बेसिनचा आरसा, माझा गाऊन, टाइल्स, सगळीकडे गव्हाळ रंगाचे ठिपके. आई काही बोलल्या नाहीत. त्यांनी दोरीवरचं त्यांचं पांढरं पातळ तेवढं शांतपणे काढून आत नेलं.

मग हळूहळू त्याची खोड कळत गेली. पाण्यात फिरवताना ब्रश तळाला दाबला की सेलचा जीव जातो, मोटर कण्हते. टोकच बुडवायचं. पत्र्याच्या पट्ट्यापर्यंत पाणी चढू द्यायचं नाही, कारण केस आत डिंकाने चिकटवलेले असतात. डिंक भिजून सुटला की ब्रश नवरीच्या गालावर केस गाळतो, आणि तो केस फोटोत बरोबर दिसतो. ब्लेंडिंगचे बारीक ब्रश एकाही टोपीत घट्ट बसेनात. एक सुटला तो थेट कपाटाखाली गेला, झाडूच्या दांड्याने काढला. ओठांच्या चपट्या ब्रशवर तर ही रवी वापरूच नये. केस चारी दिशांना पिंजारले, बोटांनी दाबून दाबून आकारात आणला.

आणि डोळ्यांचं जेल लायनर? त्याला पाण्याचं काही घेणंदेणंच नाही. शेवटी थेंबभर खोबरेल तेल बोटावर घेऊन चोळलं, काळं सुटलं, मग शाम्पूने तेल काढलं. तेलकटाला तेलच लागतं. ते काम हातानेच झालं. खरं सांगायचं तर सत्तावीसपैकी अकराच ब्रश यंत्राने धुतले, आणि दर वेळी टोपी बदलण्यात जो वेळ गेला तो धरला तर वाचली जेमतेम पंधरा मिनिटं.

मग पैसे वाया गेले का? नाही, पण ज्यासाठी घेतलं त्यासाठी नाही. घुसळणं नुसतं पाण्यातच करायचं असं नाही ना. रिकाम्या कोरड्या वाडग्यात, कडीच्या खाली धरून ब्रश फिरवला की पाणी बाहेर फेकलं जातं. तो जाड पावडर ब्रश या हवेत वाळायला दोन दोन दिवस घेतो, मधे कुबट वास धरतो. काल रात्री फिरवून ठेवला, आज सकाळी पोटातपर्यंत कोरडा. मला ३४९ रुपयांचं वाळवणाचं यंत्र मिळालं आहे, खोक्यावर त्यांनी धुण्याचं छापलंय एवढंच.

ठेवायचे मात्र तरीही आडवे, टेबलाच्या कडेला, डोकी हवेत बाहेर काढून. मी पूर्वी ग्लासात उभे करायचे, आणि पाणी निमूट पट्ट्यात उतरायचं.

हे सगळं मी जेवताना रंगवून सांगत होते तर अण्णा म्हणाले, "मग माझा कसा टांगलेला असतो?"

त्यांचा दाढीचा ब्रश. बेसिनशेजारच्या खिळ्याला वाकवलेली तार, त्यात केस खाली करून लटकवलेला. लग्न होऊन आल्यापासून रोज बघतेय. एसटीच्या नोकरीपासूनची सवय, आई म्हणतात. ब्रश बदलून किती वर्षं झाली ते त्यांनाही आठवत नाही.

जेवणं झाल्यावर ते स्वतःच तो ब्रश घेऊन आले. "लाव बघू तुझ्या रवीला." मी आठही टोप्या एकेक करून लावून बघितल्या. त्याचं बूड गाजराएवढं जाड, सगळ्यात मोठी टोपीसुद्धा चढेना.

"राहू दे," म्हणाले. बेसिनवर दोनदा सपासप झटकला आणि तारेत अडकवला. जाता जाता रिमोटचे सेल काढून घेऊन गेले.