जाळी चोंदली की गाळ घट्ट बसला?

कोल्हापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात मी प्रक्रिया विभागात असताना, ऐन हंगामात रसातील गाळ वेगळा करणाऱ्या आमच्या फिरत्या व्हॅक्यूम फिल्टरने आम्हाला जेरीस आणले होते. त्याच्या जाळी लावलेल्या फिरत्या ड्रमवर करंगळीएवढ्या जाडीचा केक, म्हणजे गाळाचा थर, बसण्याऐवजी बुळबुळीत पातळ थर येई, तो खरवडणारा स्क्रॅपर त्यावरून घसरे आणि प्रेसमडबरोबर, म्हणजे टाकून द्यायच्या गाळाबरोबर, साखर वाया जाई. ‘साहेब, जाळी चोंदलीया,’ असे फिटरमामांचे ठाम मत होते. जाळी दोनदा धुतली, पण फरक पडला नाही. मग आम्ही व्हॅक्यूम आणि ड्रमचा वेग दोन्ही वाढवले, आणि दुखणे आणखी बळावले.

आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा जो नियम मांडला, त्याच्याच आधारे गाळणीचे सूत्र उभे आहे : प्रवाहाला अडथळा दोन ठिकाणी होतो, एक जाळीचा आणि दुसरा तिच्यावर साचत जाणाऱ्या गाळाचा. यांतला भारी कोणता, हे अंदाजाने ठरवण्याचे कारण नाही. मी जुन्या जाळीचा तुकडा प्रयोगशाळेतील फनेलमध्ये बसवला, व्हॅक्यूम स्थिर ठेवला आणि जमलेल्या रसाचे आकारमान स्टॉपवॉच लावून टिपत गेलो. वेळ भागिले आकारमान उभ्या अक्षावर आणि आकारमान आडव्या अक्षावर घेतले की साधारण सरळ रेषा मिळते. ती उभ्या अक्षाला जिथे छेदते ती उंची जाळीचा अडथळा सांगते आणि तिचा चढ गाळाचा. आमची रेषा जवळजवळ शून्यातून निघाली होती, चढ मात्र उभ्या कड्यासारखा होता. जाळी निर्दोष होती.

आमचा गाळ दाबला जाणारा होता, त्यामुळे व्हॅक्यूम वाढवताच त्यातील वाटा मिटत होत्या. वेगाचेही तसेच : फेरे दुप्पट केले तरी गाळण सुमारे १.४ पटच वाढते, आणि प्रत्येक फेरीतला थर पातळ होतो, जो आमच्या स्क्रॅपरला सुटतच नव्हता. गाळाला मोकळा ठेवणारा बगॅसिलो, म्हणजे बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) बारीक भुसा, कमी पडतो आहे असे वाटून पाइप उघडला, तर एका वळणात ओल्या भुशाचा बोळाच बसलेला. तो काढून व्हॅक्यूम पूर्ववत केला आणि त्याच पाळीत केक सलग पट्टीने सुटू लागला.

राहिले तापमान. रस थंड झाला की दाट होतो, त्यामुळे हंगाम संपताच मडच्या (गाळाच्या) टाकीवर उष्णतारोधक आवरण चढवून घेतले.