तुम्ही विचारलंत म्हणून: इग्निशनचा डबा बदलायचा का?

‘इंजिन मधेच मिस मारतं. ए कंट्रोलरवरून बी वर टाकलं तरी तेच. डबा बदलू का?’ घरी बांधलेल्या विमानात माझ्दाचं १३बी रोटरी (पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर फिरणारं इंजिन) बसवलेली मंडळी हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. डबा म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा कंट्रोलर; असे दोन असतात, ए आणि राखीव बी. गंमत म्हणजे उत्तर प्रश्नातच आहे. ए आणि बी दोन्हीवर तोच दोष दिसत असेल, तर तो दोघांच्या सामायिक वस्तूंत आहे: शाफ्ट कुठे आहे ते सांगणारा सेन्सर, त्याचं दातेरी चाक, बॅटरीची तार, अर्थ, कॉइल, प्लग. दोन डबे एकाच दिवशी एकाच तऱ्हेने बिघडले, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आधी टॅकोमीटर बघा. तो कंट्रोलरच्याच सिग्नलवर चालत असेल तर निम्मं निदान तिथेच होतं. इंजिन ठसकताना काटा उड्या मारतो किंवा क्षणभर शून्यावर जातो? एवढ्या वजनाचा शाफ्ट आणि पंखा (प्रोपेलर) क्षणात थांबत नसतात. म्हणजे कंट्रोलरला सेन्सरचा सिग्नल नीट मिळत नाहीये, नाहीतर त्याचा वीजपुरवठा तुटतोय. काटा स्थिर आहे आणि इंजिन मात्र थरथरतंय, तर कॉइल, हाय टेन्शन तारा, प्लग किंवा इंधनाकडे वळा.

हात लावण्याआधी एक गोष्ट. चार्ज होत असलेल्या काही कॉइलची वीज बंद केली की जाता जाता एक ठिणगी पडते. चेंबरमध्ये ओलं मिश्रण असेल तर पंखा झटका देतो. म्हणून स्विचशी खेळायचं असेल तेव्हा इंजेक्टर बंद, चारही प्लग बाहेर, आणि पंख्याच्या कक्षेत कोणी नाही. हाय टेन्शन तार चालू इंजिनावर ओढून बघायची जुनी सवय इथे सोडा. ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतूनच वाट काढते.

आता सेन्सर. मॅग्नेटिक सेन्सरला दोन तारा असतात, आणि त्या उलट्या जोडल्या तरी इंजिन सुरू होतं. म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. दात समोरून जाताना व्होल्टेज अधिकाकडून उणेकडे झपकन उतरतं. हा उभा उतार दाताच्या बरोबर मध्यावर येतो आणि कंट्रोलर तोच क्षण धरतो. तारा उलटल्या की तो दोन दातांमधल्या लांबट, सपाट भागात क्षण शोधत बसतो, आणि तो क्षण आरपीएमनुसार सरकतो. खूण सोपी आहे: कंट्रोलरला टायमिंग एकाच अंशावर स्थिर ठेवायला सांगा, टायमिंग लाइट लावा, २००० वरून ४००० आरपीएमवर न्या. पुलीवरची खूण हलली तर पोलॅरिटी तपासा. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात: मुख्य ठिणगी देणारा लीडिंग आणि साथीचा ट्रेलिंग. लीडिंगला दोन्ही रोटरची मिळून एक जोडकॉइल असेल तर लाइट एका फेऱ्यात दोनदा चमकेल आणि खूण समोरासमोर दोन ठिकाणी दिसेल. तो दोष नाही.

सेन्सर आणि दात यांच्यात साधारण ०.५ ते १ मिमी अंतर असावं. तुमच्या सेन्सरच्या कागदावरचा आकडा अंतिम. एकाच दाताशी मोजून भागत नाही, पूर्ण फेरा फिरवून मोजा, कारण चाक जरा तिरकं बसलं की एका बाजूचे दात क्षीण सिग्नल देतात. स्टार्टर मारताना सेन्सरमधून येणारं व्होल्टेज मुळातच तुटपुंजं असतं, त्यामुळे अंतर वाढलं की पहिली तक्रार ‘गार इंजिन सुरू होत नाही’ अशी येते. रेनेसिसच्या (माझ्दाच्या नंतरच्या रोटरी इंजिनाच्या) चाकावर ३६ दातांच्या जागेत दोन-दोन दात गाळून तीन फटी ठेवलेल्या आहेत. कंट्रोलरला त्या चाकाची नीट ओळख करून दिलेली नसेल, तर तो कुठली फट कुठली हे कधीच ठरवू शकत नाही.

सेन्सरची तार पीळ दिलेली आणि जाळीची हवी. जाळी एकाच टोकाला, कंट्रोलरच्या बाजूला अर्थ करा. दोन्ही टोकांना जोडली तर जाळीतूनच करंट वाहतो आणि सिग्नलमध्ये घुसतो. ती तार कॉइलच्या तारांसोबत एकाच जुडग्यात बांधलेली असली, तर दोष जास्त थ्रॉटलवरच दिसेल.

वीज आणि अर्थ पटकन उरकता येतात, तरी लोक तेच टाळतात. स्टार्टर मारताना बॅटरीवर नव्हे, कंट्रोलरच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. ९ व्होल्टच्या खाली जात असेल तर डबा मधेच रीसेट होत असण्याची शंका घ्या. त्याच वेळी बॅटरीच्या उणे टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत मोजा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी किंवा तिच्याखालचा रंग गुन्हेगार. कॉइलचा अर्थ थेट ब्लॉकला द्यावा, कंट्रोलरच्या अर्थमध्ये मिसळू नये.

कॉइलचं गणित रोटरीत वेगळं आहे, आणि पिस्टनच्या सवयीतले लोक इथेच फसतात. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा एक्सेंट्रिक शाफ्टचे (म्हणजे मुख्य शाफ्टचे) तीन होतात. रोटरला बाजूही तीन. म्हणजे प्रत्येक रोटर शाफ्टच्या दर फेऱ्याला एकदा पेटतो, फोर-स्ट्रोक सिलिंडरच्या दुप्पट वेळा. ६००० आरपीएमला एक फेरा १० मिलिसेकंदांचा. स्वतंत्र कॉइल असेल तर दोन ठिणग्यांमध्ये तेवढा वेळ मिळतो. लीडिंगची जोडकॉइल मात्र दर अर्ध्या फेऱ्याला पेटते, तिच्या हाती ५ मिलिसेकंदच. चार्जिंगचा वेळ ४ मिलिसेकंद ठेवला असेल तर ती ८० टक्के वेळ करंट ओढत राहते आणि तापते. मग जमिनीवर सगळं छान, वीस मिनिटं क्रूझ केल्यावर मिसिंग, उतरून गार झालं की पुन्हा छान. आत इग्नायटर (करंट जोडणारा-तोडणारा स्विच) असलेल्या काही कॉइल तर फार वेळ चार्ज झाल्या की आपणहून ठिणगी सोडतात, आणि ती भलत्याच वेळी पडते. संशय असेल तर कॉइल हेअर ड्रायरने तापवून बघा. वायरिंग न हलवता दोन कॉइलची अदलाबदल करा. दोष कॉइलबरोबर गेला की मामला मिटला.

तारा चुकीच्या प्लगला लावणं हेही नेहमीचंच. जोडकॉइलवर लीडिंग १ आणि २ अदलाबदल झाले तर काहीच बिघडत नाही, दोन्ही प्लग एकदमच पेटतात. ट्रेलिंग १ आणि २ बदलले तर मात्र ठिणगी अर्धा फेरा चुकते. इंजिन लीडिंगच्या जोरावर खडबडत चालतं, आणि लीडिंग बंद केलं की बंद पडतं किंवा एक्झॉस्टमध्ये बार उडतो.

रनअपला (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत) लीडिंग आणि ट्रेलिंग हे दोन्ही चॅनल आळीपाळीने बंद करून आकडे लिहून ठेवा, इंजिन धडधाकट असतानाच. लीडिंग बंद केल्यावर आरपीएम ठळक पडतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं, कारण ज्वलन उशिरा होतं. ट्रेलिंग बंद केल्यावर आरपीएम जेमतेम हलतो. त्यामुळे मेलेलं ट्रेलिंग महिनाभर कोणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या आकड्याशी तुलना हाच उपाय. लीडिंग बंद करूनही काहीच पडलं नाही तर आनंद मानू नका, बहुधा स्विच काही तोडतच नाहीये.

एक पूर्ण रोटर मेला असेल तर इग्निशन सोडून आधी इंजेक्टर बघा. त्याचे दोन्ही प्लग वेगळ्या कॉइलवर आहेत, दोघं एकदम मरणं अवघड. मग प्लग काढून स्टार्टर मारा आणि ऐका: फुस, फुस, फुस, तिन्ही सारखे हवेत. एखादा दबका आला तर एपेक्स सीलकडे (रोटरच्या टोकावरच्या पट्टीकडे) जा.

प्लगबद्दल थोडक्यात. लीडिंगला एनजीकेचा बीयूआर ७ ईक्यू आणि ट्रेलिंगला बीयूआर ९ ईक्यू ही जुन्या १३बीची रूढ जोडी, त्यांची अदलाबदल नको. १००एलएल (शिसं असलेलं विमानाचं पेट्रोल) जाळलं की शिशाचा करडा थर लवकर चढतो. ओले प्लग म्हणजे इग्निशन गेलं असं नाही. रोटरी सहज फ्लड होतं, म्हणजे आत जास्तीचं इंधन साचतं. इंजेक्टर बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, दहा सेकंद स्टार्टर मारा.

एवढं करूनही ऑसिलोस्कोपवर सेन्सरचा सिग्नल स्वच्छ, पुरवठा स्थिर, पण एखाद्या कॉइलच्या ट्रिगर तारेवर पल्स येतच नसेल, तर ती तार कॉइलकडून सुटी करून पुन्हा बघा. पल्स परत आला तर कॉइल त्याला खाली ओढत होती. नाहीच आला, तर डबा काढा आणि मोजलेल्या आकड्यांचा कागद जोडून बनवणाऱ्याकडे पाठवा.