येरेवानच्या बसमधले पन्नास द्राम

२०२५ च्या सुरुवातीला येरेवानहून, म्हणजे अर्मेनियाच्या राजधानीतून, मेसेज आला. बसचं भाडं वाढलं, आता १५० द्राम (द्राम म्हणजे तिथलं चलन). आणि मी ऑफिसात बसल्या बसल्या एकदम दीड वर्ष मागे गेले. अर्मेनियाबद्दल लिहायचं लिहायचं म्हणत राहूनच गेलं होतं. गार्नीचं देऊळ, डोंगरात कोरलेली गेगार्दची मॉनेस्ट्री, ताथेवचा तो भलामोठा रोपवे, हे सगळं मी बघितलं, सगळं सुंदर आहे, जमेल त्याने नक्की जावं. पण मला लिहायचंय ते बसच्या भाड्याबद्दल.

जून २०२३. शारजामार्गे गेले, पहाटे पोचले, झोप झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा बसमध्ये चढले आणि सवयीने पैसे काढून ड्रायव्हरपुढे धरले तर तो हाताने मागे जा म्हणायला लागला. मला कळेना. तेवढ्यात मागून चक्क मराठीत आवाज आला, "ताई, उतरताना द्यायचे." नांदेडचा मुलगा होता, तिथे मेडिकलला शिकणारा (येरेवानमध्ये आपली मेडिकलची मुलं खूप आहेत, रस्त्यात हिंदी सहज ऐकू येते). त्याने सांगितलं, कुठेही चढा, कुठेही उतरा, १०० द्राम, उतरताना पुढच्या दाराशी ड्रायव्हरच्या हातात ठेवायचे. म्हणजे तेव्हाचे आपले साधारण २१ रुपये. कंडक्टर नाही, पंचिंग नाही. लोक स्टॉप यायच्या आधीच मुठीत नाणं धरून उभे राहायचे. मला हे फार आवडलं, इतकंच तेव्हा डोक्यात होतं.

मी राहत होते अराबकीर भागात, एका जुन्या सोव्हिएत इमारतीत चौथ्या मजल्यावर, गुलाबी दगडाची इमारत, लिफ्ट बंद. घरमालकीण अडुसष्ट वर्षांच्या, त्यांना सगळे तातिक म्हणायचे, म्हणजे आजी, मग मीही तातिकच म्हणायला लागले. त्यांचा मुलगा पस्तिशीचा, आयटीत काम करणारा, इंग्लिश उत्तम. तातिकचं इंग्लिश पाच शब्दांचं, पण पाहुणचार असा की मला रोज सकाळी लाज वाटायची. जर्दाळूंचा सीझन होता, टेबलावर घमेलंभर जर्दाळू, लवाश (तिथली पातळ रोटी), चीज, आणि मी पुरे म्हटलं की माझ्या नावापुढे 'जान' लावून अजून वाढायच्या.

तिसऱ्या दिवशी तातिकबरोबर बाजारात गेले. येताना बसमध्ये स्टॉप जवळ आला तसं त्यांनी पर्समधून एक नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं, माझी बोटं मिटली आणि हळूच म्हणाल्या, "हार्युर द्राम." शंभर द्राम. मला वाटलं भाषा शिकवतायत. मी म्हणून दाखवलं. त्यांनी मान हलवली, परत म्हणायला लावलं, आणि त्यांचे डोळे असे चमकत होते की मला कळलं, यात काहीतरी आहे जे मला माहीत नाही.

रात्री त्यांच्या मुलाला विचारलं. तो आधी हसला, मग बाल्कनीत खुर्च्या टाकल्या आणि दीड-दोन तास बोलत होता.

२०१३ सालच्या जुलैमध्ये तिथे आधी गॅस महाग झाला, १८ टक्क्यांनी. तिथल्या बस आणि गझेल नावाच्या मिनीबस गॅसवर चालायच्या, टपावर लाल सिलिंडर बांधलेले असायचे, मलाही रस्त्यात तशा दिसल्या. मग महापालिका म्हणाली भाडं वाढवावंच लागेल. बस आणि मिनीबस १०० वरून १५०, ट्रॉलीबस ५० वरून १००. २० जुलैपासून लागू. ५० द्राम म्हणजे किती, कोणी म्हणेल दहा रुपये, त्यात काय एवढं. पण घरात चार माणसं रोज जाऊन येऊन करणारी असली तर हिशोब बघा. आणि राग नुसत्या पैशाचा नव्हता. मिनीबस इतक्या भरायच्या की माणसं आत मान वाकवून उभी, उन्हाळ्यात दार उघडं ठेवून चाललेली, आणि ती तशीच राहणार, फक्त पैसे दीडपट.

तर काही मुलंमुली, बरेचसे कॉलेजचे, शहराच्या मधल्या बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले. ना मोर्चा, ना स्टेज. बस आली की आत चढायचं किंवा खिडकीशी जाऊन लोकांना सांगायचं, १५० देऊ नका, नेहमीसारखे १०० द्या. "व्चारुम एंक हार्युर द्राम", आम्ही शंभर द्राम देतो, हेच आंदोलनाचं नाव. मला यातली जी गोष्ट सगळ्यात भारी वाटली ती ही, की त्यांनी फुकट प्रवास करा असं सांगितलंच नाही. जे योग्य आहे ते आम्ही देतोय, त्याच्यावर एक द्राम नाही. आणि पैसे उतरताना द्यायची पद्धत असल्यामुळे हे शक्य झालं, कारण तोपर्यंत माणूस पोचलेला असतो, ड्रायव्हर काय करणार, दार तर उघडलंय.

ड्रायव्हर लोक चिडायचे. मुलगा म्हणाला त्यांचंही बरोबर होतं, रूटच्या मालकाला दिवसाची ठरलेली रक्कम द्यावी लागायची, कमी पडली तर त्यांच्या खिशातून. काही ठिकाणी शिवीगाळ, धक्काबुक्की. मग मुलं ड्रायव्हरशीही बोलायला लागली. काही पोरांना पोलिसांनी उचललं, तिकडे पोलीस स्टेशनबाहेर अजून जास्त पोरं जमली. आणि गाडीवाले लोक स्वतःहून पुढे आले, काचेवर कागद लावायचा, आझात मेकेना, म्हणजे मोकळी गाडी, कोणीही बसा, पैसे नाहीत. अनोळखी माणसं अनोळखी माणसांना घरी सोडत होती. नाटक-सिनेमातली ओळखीची मंडळीसुद्धा यात उतरली.

हा मुलगा तेव्हा पंचवीस वर्षांचा, आणि घरात त्याने काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो स्टॉपवर कागद वाटत उभा असताना समोर मिनीबस थांबली आणि त्यातून त्याची आई उतरली. त्याला वाटलं आता रस्त्यातच ओरडणार. तातिकने त्याच्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत, वळल्या, ड्रायव्हरच्या हातावर एक नाणं ठेवलं आणि सगळ्या स्टॉपला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, हार्युर द्राम.

हे सांगताना तो थांबला. आत स्वयंपाकघरात तातिक भांडी लावत होत्या, त्यांना शब्द कळत नव्हते पण कशाबद्दल चाललंय ते बरोब्बर कळत होतं.

२५ जुलैला महापौरांनी वाढ स्थगित केली.

आता मला हे का भिडलं ते सांगते. माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीची, म्हणजे घरांनी मिळून एकत्र माल आणून वाटून घ्यायचा; डोंबिवलीत आमच्या ग्राहक संघाचं काम तिने कितीतरी वर्षं केलं. महिन्यातून एकदा ट्रक यायचा, आमच्या हॉलमध्ये डाळ-तांदळाची पोती, साबणाचे खोके, दहा-बारा घरच्या बायका वजनकाटा घेऊन बसलेल्या, याद्या, टिकमार्क, आणि माझा अभ्यास किचनच्या ओट्यावर. मला त्याचा वैताग यायचा, दुकानातून आणत का नाही आपण सगळ्यांसारखं. १९७५ पासून ही पंचायत चाललीय, आणि माझ्यासाठी ती म्हणजे हॉलमधली पोती एवढंच होतं. येरेवानच्या बाल्कनीत बसून मला पहिल्यांदा नीट कळलं की आई तिकडे काय करत होती. दहा घरांनी एकत्र येऊन दुकानदाराला सांगायचं, आम्ही एवढेच देऊ.

सोव्हिएत काळात, तातिक सांगत होत्या (मुलगा भाषांतर करत होता), दुकानात एक तक्रारवही असायची. प्रत्येक दुकानात असलीच पाहिजे असा नियम. तुम्ही लिहायचं, साहेब उत्तर लिहिणार. म्हणजे तक्रार करायला बंदी नव्हती, पण एकट्याने करायची, वहीत. चार जणांनी मिळून करायची सोय कुठेच नव्हती. सोव्हिएत युनियन गेलं, वह्या गेल्या आणि मग तर काहीच उरलं नाही. नव्वदच्या सुरुवातीच्या वर्षांना तिथे 'मुत ऊ त्सुर्त' म्हणतात, काळोखी आणि गारठ्याची वर्षं. १९८८ च्या भूकंपानंतर मेत्सामोरचं अणुवीज केंद्र बंद केलेलं, शेजाऱ्यांनी सीमा बंद केलेल्या, दिवसाला तास-दोन तास वीज. लोकांनी बागेतली झाडं तोडून जाळली. तातिकने त्या वर्षांत शाळेतली पुस्तकं जाळून पोराला ऊब दिलीय. केंद्र १९९५ मध्ये परत सुरू झालं. त्या एवढंच म्हणाल्या की त्या दिवसांत कोणी काहीही मागितलं तरी आम्ही देत होतो, वीज येतेय ना, पाव मिळतोय ना, किती ते विचारायचं कशाला. ग्राहक हक्कांचा कायदाही त्यांच्याकडे २००१ ला झाला, पण तातिकला तो माहीत झाला बसस्टॉपवर, मुलाच्या हातातल्या कागदावरून.

त्या मुलांची संघटना म्हणावी तर नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, ऑफिस नाही. पण ओळखी झाल्या त्या टिकल्या. त्याच्याही आधी २०१२ मध्ये माश्तोत्स पार्कमध्ये दुकानांचे गाळे उभे केले तेव्हा काही जण महिनोन्महिने तिथे ठाण मांडून बसले होते आणि शेवटी गाळे काढले गेले. तीच माणसं २०१३ ला बसस्टॉपवर. २०१४ ला पगारातून सक्तीची पेन्शन कापायला लागले, १९७४ मध्ये आणि त्यानंतर जन्मलेल्यांची, तेव्हा 'देम एम', मी विरोधात आहे, त्यात तातिकचा मुलगा स्वतः होता, आयटीवाले सगळे होते. आणि २०१५ ला वीज.

विजेचं त्याने मला प्रत्यक्ष जागेवर नेऊन सांगितलं. बाग्राम्यान अव्हेन्यू म्हणजे रुंद रस्ता, दोन्हीकडे मोठी झाडं, वरच्या बाजूला तेव्हाचा राष्ट्राध्यक्षांचा महाल. वीज कंपनीने युनिटमागे १७ द्राम वाढ मागितलेली, आयोगाने ६.९३ मंजूर केली, म्हणजे १६ टक्क्यांच्या वर. 'वोच तालानिन', लुटीला नकार, अशी घोषणा घेऊन लोक १९ जूनपासून लिबर्टी स्क्वेअरमध्ये बसले. २२ तारखेला महालाकडे निघाले, पोलिसांनी अडवलं, तर तिथेच रस्त्यावर बसले रात्रभर. २३ च्या पहाटे पाण्याचे फवारे, दोनशेच्या वर लोकांना पकडलं. संध्याकाळी त्याच रस्त्यावर आदल्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त माणसं. कचऱ्याचे मोठे डबे आडवे लावून अडथळा केला. तातिक तेव्हा घरून डबा घेऊन आलेल्या, काळोखातली वर्षं बघितलेल्या बाईला विजेचं बिल म्हणजे काय ते कोणी समजवायला नको होतं. २७ ला राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं, ऑडिट होईपर्यंत वाढीचा भार सरकार उचलेल. तिथे मग फूट पडली. अर्धे म्हणाले जिंकलो, चला स्क्वेअरवर परत, अर्धे म्हणाले हे तर आपल्याच कराचे पैसे, उठायचं नाही. हा उठला नाही. ६ जुलैला पोलिसांनी रस्ता रिकामा केला. ती फूट त्याला अजून टोचते, काही मित्र त्यानंतर बोललेच नाहीत. २०१८ ला सरकार बदललं तेव्हा मात्र सगळे परत रस्त्यावर भेटले.

मधे माझं स्वतःचं एक झालं. एका टूरवाल्याकडे सेवान तलाव आणि दिलिजान गावाची दिवसाची ट्रिप घेतली, ९,००० द्राम. सेवानला जेवणातच दोन तास घालवले (हॉटेल त्यांच्याच ओळखीचं, महाग आणि मासा कोरडा) आणि ट्रॅफिक आहे म्हणून दिलिजान रद्द करून चार वाजता परत. पैसे परत? नाही म्हणे. मी गप्प बसले, म्हटलं जाऊ दे, परदेशात कुठे वाद घालायचा. घरी आल्यावर तातिकने चेहऱ्यावरून ओळखलं आणि ऐकल्यावर त्यांना खरोखर राग आला, टूरवाल्यापेक्षा माझा जास्त. पन्नास द्रामसाठी पोरं पाच दिवस उन्हात उभी होती, आणि तू अर्ध्या दिवसाचे पैसे सोडून आलीस? मुलाला फोन लावायला लावला. तो शांतपणे बोलला, छापील कागदावर दोन ठिकाणं लिहिलीत, एकच दाखवलंत, कायदा असं असं म्हणतो. दुसऱ्या दिवशी ३,००० परत मिळाले. तातिकच्या मते ४,५०० मिळायला हवे होते. मलाही आता तेच वाटतं, आणि मी गप्प बसले याचं वाईट वाटतं.

निघायच्या दिवशी तातिकने जर्दाळू दिले, विमानात मऊ पडले, तरी आणले.

तर तो मेसेज, तातिकच्या मुलाचा. २०२५ च्या जानेवारीपासून तिकीट १५०, आता तिकीट आधीच काढायचं, उतरताना हातात नाणं द्यायची पद्धत गेली. नव्या मोठ्या बस आल्यात, त्या चांगल्या आहेत, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. मी संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. मला वाटलं ती म्हणेल, अरेरे, हरले शेवटी. ती चष्मा लावून पाकिटाच्या मागच्या बाजूला आकडे मांडायला लागली. दिवसाला दोन फेऱ्या, पन्नास-पन्नास म्हणजे शंभर. महिन्याचे पंचवीस दिवस. वर्षाचे ३०,००० द्राम. २०१३ च्या जुलैपासून आत्तापर्यंत अकरा वर्षं धर, ३,३०,०००. रुपयात किती ते मला विचारलं, मी म्हटलं सत्तर हजाराच्या आसपास.

"एका माणसाचे," आई म्हणाली, आणि त्याच्याखाली रेघ मारली.