अल्बम दुकानात यायच्या आधीच बँड संपला होता

काल रात्री परत स्लिंट ह्या अमेरिकन रॉक बँडचा 'स्पायडरलँड' ऐकला, लाईट बंद करून, हेडफोन लावून, एका दमात. 6 गाणी, 40 मिनिटंसुद्धा नाहीत. बराचसा वेळ दबक्या आवाजात नुसतं बोलत राहणारा तो माणूस अगदी शेवटी जिवाच्या आकांताने ओरडतो ना, तिथे इतक्या वर्षांनीही माझ्या अंगावर काटा येतो.

केंटकीतल्या लुईव्हिल गावची ही पोरं, 1986 ला बँड सुरू केला. गिटार आणि आवाज ब्रायन मॅकमॅहन, ब्रिट वॉलफर्ड, डेव्हिड पाजो आणि बेसवर ईथन बकलर. पहिला अल्बम 'ट्वीझ' साउंड इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनीने रेकॉर्ड केला पण बकलरला तो साउंड पटलाच नाही, तो बाहेर पडला आणि टॉड ब्राशियर आला. मला स्वतःला 'ट्वीझ' फार जवळचा वाटत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल एवढंच.

खरी गोष्ट पुढचीच आहे. वॉलफर्डच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात हे चौघं तेच तेच तुकडे वाजवत बसायचे, कुठे 5 मात्रा, कुठे 7, मधेच सगळं थांबायचं आणि मग गिटार एकदम अंगावर यायची. हे सगळं हाडात मुरलेलं होतं म्हणूनच ऑगस्ट 1990 मध्ये शिकागोत रेकॉर्डिंग करणाऱ्या ब्रायन पॉलसनबरोबर अख्खा अल्बम मोजक्या दिवसांत उरकला. शब्द मात्र शेवटपर्यंत तयार नव्हते, म्हणजे वाजवणं महिनोन्महिने घोटलेलं आणि आवाज अगदी ताजा, कच्चा, आणि मला वाटतं तो जो थरकाप आहे ना तो ह्यातूनच आलाय.

त्यानंतर मॅकमॅहनला डिप्रेशनने गाठलं, हॉस्पिटलमध्ये जावं लागलं आणि त्याने बँड सोडला. भांडण नाही, पैशाचा वाद नाही. विशी-एकविशीतल्या मुलाला झेपलं नाही, आणि बाकीच्यांनीही मग ओढत नेलं नाही, ह्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

मार्च 1991 मध्ये टच अँड गो ह्या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला तेव्हा स्टेजवर जाऊन तो वाजवायला बँडच नव्हता. अल्बिनीने मेलडी मेकर ह्या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात 10 पैकी 10 स्टार दिले पण विकला फारसा गेला नाही, हातोहाती कॅसेट फिरत फिरत तो लोकांपर्यंत पोचला आणि पुढे मोग्वाईसारख्या कितीतरी बँडनी त्यातून रस्ता काढला. 2005 ला ते परत एकत्र वाजले, मला आनंदच झाला, पण माझा स्लिंट तळघरातलाच.

कव्हरवरचा फोटो त्यांचा मित्र, गायक विल ओल्डहॅमने काढलाय, पाणी साठलेल्या खाणीत चौघांची फक्त डोकी वर, हसतायत. आणि मागच्या बाजूला लुईव्हिलचा एक पत्ता छापलाय, गायिका हवी आहे, इच्छुकांनी लिहावं म्हणून.