सांगलीतला वीस लिटरचा समुद्र

विश्रामबागच्या घरात, खिडकीपासून लांब, खाऱ्या पाण्याची टाकी मांडून आज एकतिसावा दिवस. मूळ वेड बटू समुद्रघोड्यांचं: मेक्सिकोच्या आखातातले, जेमतेम अडीच सेंटिमीटरचे. पण आपल्याकडे 2001पासून समुद्रघोड्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून ते घरी आणायचे नाहीत. मला हे मनापासून पटतं. टाकीत छोटी कोळंबी आणि शैवाल राहणार.

नळाचं पाणी आरओतून काढून त्यात सागरी मीठ विरघळवलं, विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) 1.025. कोळंबीच्या विष्ठेतून होणारा विषारी अमोनिया खाणारे जिवाणू आधी वाढायला हवेत, म्हणून जीव एकही न सोडता थेंबाथेंबाने अमोनिया 2 पीपीएमवर (दहा लाख भागांत 2 भाग) नेला. दहा दिवस काहीच हललं नाही. आई रोज विचारायची, "अगं, नुसत्या पाण्याकडे काय बघत बसतेस?" मग एका संध्याकाळी नायट्राइटच्या चाचणीची नळी जांभळी झाली. मी तिला हाक मारूनच दाखवली. दगडावरच्या जिवाणूंनी अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करायला घेतलं होतं! नायट्राइटही विषारीच; त्याचं कमी घातक नायट्रेट करणारे दुसरे जिवाणू, ते फार सावकाश वाढतात.

मधे दुपारभर वीज नव्हती, पाणी 31 अंशांवर गेलं. बर्फाची बाटली तरंगवली. आटलेल्या पाण्याची भर मात्र गोड्या पाण्यानेच घालायची, कारण मीठ टाकीतच राहतं.

काल अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. आज पुन्हा 2 पीपीएम अमोनिया घातलाय. उद्या या वेळेपर्यंत तो संपला, तरच कोळंबी.