खळ शिजली का? मैदा, कागद आणि पाणी यांचं गणित

पांढरा गोंद घरोघरी पोचला आणि मैद्याची खळ मागे पडली. कागदाच्या कामात मात्र ती आजही सरस ठरते. लावल्यावर लगेच धरत नाही, त्यामुळे कागद सरकवून जागेवर बसवायला सवड मिळते. वाळल्यावर प्लॅस्टिकसारखा थर राहत नाही, कडेला चकाकणारे डाग दिसत नाहीत, आणि चिकटवलेलं पुढे कधी सोडवायचं झालं तर ओल्या फडक्याने सुटतं. जुन्या ग्रंथांची आणि चित्रांची डागडुजी करणारे गव्हाच्या पिष्टाची (स्टार्चची) खळ वापरतात, ती या शेवटच्या गुणासाठीच.

खळीबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं. खळ शिजवलेली नसते. मैदा पाण्यात कालवून ते कागदाला फासलं की ती खळ होत नाही. मैद्यातलं पिष्ट बारीक कणांच्या रूपात असतं आणि गार पाण्यात ते विरघळत नाही, नुसतं तरंगतं किंवा तळाशी बसतं. पाणी साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापलं की हे कण पाणी पिऊन फुगू लागतात. आणखी उष्णता मिळाली की ते फुटतात, आतलं पिष्ट पाण्यात मोकळं होतं आणि कागदाच्या तंतूंना धरून बसतं. चिकटपणा येतो तो इथून. कच्च्या मैद्याचं पाणी वाळल्यावर भुकटी होऊन निघतं आणि आंबतंही लवकर. शिवाय कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात, तेव्हा लहान मुलं हाताशी असतील तर शिजवलेलीच खळ बरी.

पुठ्ठ्यावर कागद चढवणं, वहीची बांधणी, डब्यांना अस्तर अशा कामांसाठी ५० ग्रॅम मैद्याला ३५० मिली पाणी घ्या. वजनकाटा नसेल तर एका मापाला साडेतीन ते चार मापं पाणी. कागदी लगद्याच्या किंवा पट्ट्यांच्या कामाला पातळ खळ लागते, तेव्हा तेवढ्याच मैद्याला ५०० मिली. कणीक वापरता येते, पण कोंड्याचे ठिपके पातळ कागदातून दिसतात. खमीर किंवा फुगवणारी पावडर मिसळलेलं पीठ घेऊ नका.

एकूण पाण्यातलं १०० मिली गार पाणी बाजूला काढा. त्यातलं थोडं थोडं घालत मैदा आधी घट्ट कालवा, गुठळ्या दाबून मोडा आणि मगच उरलेलं गार पाणी घालून पातळ करा. आधीच सगळं पाणी ओतलं की गुठळ्या तरंगत राहतात, काही केल्या मोडत नाहीत. हे मिश्रण गाळून घ्या. बाकीचं पाणी उकळायला ठेवा, उकळी आली की आच मंद करा आणि एका हाताने धार धरून दुसऱ्या हाताने सतत ढवळत राहा. अर्ध्या-एक मिनिटात ते दाटतं आणि बहुतेक जण इथेच गॅस बंद करतात. ही घाई नडते. दाटलेली खळ अजून दुधासारखी पांढरी असते. आणखी चार-पाच मिनिटं मंद आचेवर तळ खरवडत ढवळलं की तिचा रंग बदलतो, ती करडी, किंचित पारदर्शक आणि तुकतुकीत होते. पळी उचलली की तुटक गोळे पडत नाहीत, सलग धार पडते. आता शिजली.

गार होताना वर साय धरते. ती नंतर खळीत मिसळली की ब्रशखाली कातड्यासारखे तुकडे येतात. म्हणून गार होईपर्यंत मधूनमधून ढवळा किंवा प्लॅस्टिकचा कागद खळीच्या पृष्ठभागाला अगदी टेकवून ठेवा. पूर्ण गार झाल्यावर बारीक गाळणीतून चमच्याने दाबून दोनदा काढली तर खळ लोण्यासारखी होते. फार घट्ट वाटली तर या टप्प्यावर चमचा-चमचा गार पाणी घालून घोटायची. गरम असताना ती नेहमी पातळ वाटते, त्यामुळे दाटपणाचा अंदाज गार झाल्यावरच घ्यावा.

उरलेल्या खळीचं काय करायचं? बाहेर ती एक-दोन दिवस टिकते. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस जातात, पण तिथे ती थिजते, कडेला पाणी सोडते आणि चिकटपणाही गमावते. शिजलेल्या पिष्टाचे रेणू थंडाव्यात पुन्हा एकमेकांना चिकटून बसतात आणि पाणी बाहेर ढकलतात. पाव शिळा होऊन कडक होतो तो याच क्रियेने. म्हणून दोन दिवसांत संपेल एवढीच करावी. आंबूस वास आला किंवा गुलाबी-करडे ठिपके दिसले की टाकून द्या, वरचा भाग काढून खालची वापरू नका.

टिकण्यासाठी खळीत काय काय घालतात ते पाहिलं तर थक्क व्हायला होतं. मिठाने बुरशी लांबते, पण मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि दमट दिवसांत वस्तू पूर्ण वाळतच नाही. तुरटीने खळ टिकते, पण तुरटी आम्लधर्मी असते आणि तिच्यामुळे कागद कालांतराने पिवळा, ठिसूळ होतो. मुखवटा किंवा खेळणं करायचं असेल तर अर्धा चमचा चालेल, जपून ठेवायच्या वहीला नको. मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. त्याने कीड खरोखर दूर राहते, पण ते विष आहे. स्वयंपाकाच्या भांड्यात, मुलांच्या हातात ते अजिबात नको. लवंगेच्या तेलाचे दोन-तीन थेंब बऱ्यापैकी काम करतात.

आता कागद चिकटवायचा. इथे एकच गोष्ट नीट समजली की निम्म्या सुरकुत्या टळतात. ओला झालेला कागद पसरतो. खळ लावून लगेच पुठ्ठ्यावर दाबला तर तो चिकटल्यानंतर पसरत राहतो, आणि पसरायला जागा नसल्यामुळे फुगे येतात. म्हणून खळ लावल्यावर मिनिट-दीड मिनिट थांबा. कागद आधी वळतो, मग पुन्हा सपाट होतो. तो सपाट झाला म्हणजे त्याचं पसरणं संपलं. आता उचला, एका कडेने टेकवा आणि मधून बाहेर हात फिरवत हवा काढा. ब्रशही असाच, मधून कडेकडे. कडेकडून आत फिरवला तर खळ कागदाखाली शिरते आणि दर्शनी बाजूला डाग पडतो. खाली रद्दी ठेवा, प्रत्येक वेळी नवी.

कागद सगळ्या दिशांनी सारखा पसरत नाही. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेला असतात आणि ओला झाल्यावर तो त्या दिशेला आडवा जास्त वाढतो. दिशा ओळखायला कागद न दुमडता हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वळतो, तिथे पडणाऱ्या घडीची रेघ तंतूंना समांतर असते. पुठ्ठ्यालाही अशी दिशा असते. पुठ्ठा, वरचा कागद आणि आतलं अस्तर यांची दिशा एकच हवी, आणि वहीच्या बाबतीत ती बांधणीच्या कडेला समांतर हवी.

पुठ्ठा वाकतो त्याचं कारणही इथेच आहे. पसरलेला कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. वजन ठेवून ही ओढ जात नाही, नुसती दबते. दुसऱ्या बाजूलाही तितक्याच जाडीचा कागद, त्याच दिशेने चिकटवला की दोन्ही ओढी एकमेकींना पेलतात. त्यानंतर दोन्हीकडे कोरे कागद ठेवून वजनाखाली दाबायचं, अर्ध्या तासाने कागद बदलायचे आणि पूर्ण एक दिवस हलवायचं नाही. दाबातले कागद बदलले नाहीत तर ओल आतच अडकते आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

चकचकीत लेप असलेला कागद, छायाचित्रं, प्लॅस्टिक, काच यांना खळ धरत नाही. इंकजेट प्रिंट ओल्याने फुटतात, लेझर प्रिंट सहसा टिकतात. दमट किंवा उघड्या जागेत राहणाऱ्या वस्तूला खळ वापरू नये, पाणीही लागेल आणि झुरळंही.

मुखवटे, वाडगे, दिव्यांच्या छत्र्या यांसाठी पट्ट्यांचं काम करताना कागद कापू नका, फाडा. कापलेली कड जाड राहते आणि रंगाखालून रेघ दिसते. फाटलेल्या कडेचे तंतू विरळ होत जातात आणि शेजारच्या पट्टीत मिसळतात. दोन-तीन सेंटीमीटर रुंद पट्ट्या सरळ भागाला, गोल भागाला त्याहून अरुंद. पट्टी खळीत बुडवून दोन बोटांमधून निपटून घ्या. खळ निथळत असेल तर वजनही वाढतं आणि वाळायला वेळही. पहिला थर छापील रद्दीचा, दुसरा कोऱ्या कागदाचा, तिसरा पुन्हा छापील, असं आलटून पालटून केलं की कुठे थर राहिला ते डोळ्यांना लगेच दिसतं. दिशाही बदलायची, एक थर उभा, एक आडवा.

एका वेळी तीनच थर. मग चोवीस तास वाळवणं, आणि मग पुढचे तीन. सगळे सहा-सात थर एका बैठकीत चढवले की वरचा पापुद्रा वाळून टणक होतो आणि आत ओल कोंडते. दोन-तीन दिवसांनी कुबट वास आला की कारण तेच. वाळलं की नाही हे गालाला लावून बघा, ओली वस्तू गार लागते. साच्याला आधी तेलाचा किंवा व्हॅसलिनचा हात द्यायचा, नाहीतर वाडग्यासकट मुखवटा सांभाळावा लागेल. फुग्यावर काम असेल तर तो उन्हात वाळवू नका. उष्णतेने फुगा फुगतो आणि ओलं कवच तडकतं, रात्री गार हवेत आकसतो आणि कवच आत ओढलं जातं. सावलीत, वारा खेळता राहील असं टांगावं. रंगाआधी पांढऱ्या गोंदात निम्मं पाणी मिसळून एक हात द्या, म्हणजे रंगातल्या पाण्याने खळ पुन्हा मऊ होत नाही.

खळीचा सगळ्यात देखणा उपयोग मात्र चिकटवण्याचा नाहीच. रंगीत खळ कागदावर पसरून तिच्यात कंगव्यासारख्या साधनाने नक्षी ओढायची. युरोपातले पुस्तकबांधणी करणारे असे कागद शेकडो वर्षांपासून वेष्टनासाठी करत आले. जर्मनीतल्या हेर्नहूट गावात १८व्या शतकात झालेले असे कागद आजही नावाजले जातात. दाट खळ घ्या, अर्ध्या कपाला एक चमचा ॲक्रिलिक रंग. ११०-१२० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद दोन्ही बाजूंनी ओल्या स्पंजने पुसा, पाण्याची चकाकी गेली की काचेवर सपाट बसवा. रुंद ब्रशने खळीचा हात द्या आणि पुठ्ठ्याला खाचा पाडून केलेला कंगवा ओढा, सरळ, नागमोडी, हवा तसा. चुकलं तर पुन्हा ब्रश फिरवून पाटी कोरी, साधारण पाच मिनिटं ही मुभा असते. ओढलेल्या रेघा परत मिटत असतील तर खळ पातळ आहे. वाळलेला कागद दुमडताना पापुद्रे सुटत असतील तर थर जाड झाला. रंग कुठे गडद, कुठे फिका आला तर कागद सारखा ओला नव्हता.

पीठ, मीठ आणि पाणी यांच्या गोळ्याच्या शिल्पांबद्दल थोडक्यात: दोन मापं मैदा, एक माप बारीक मीठ, पाऊण ते एक माप पाणी, दहा मिनिटं मळणं, जाडी फार तर सात-आठ मिलिमीटर, आणि ओव्हनमध्ये १०० अंशांच्या आसपास दोन-तीन तास. घाई करून तापमान वाढवलं की वर फुगे आणि भेगा. कुत्रा असेल तर गोळा त्याच्या तोंडी लागू देऊ नका, त्यातल्या मिठाने विषबाधा होते.

कच्चा मैदा चालतो अशी एक जागा आहे, आणि ती कापडावर. बाटिकसारख्या (मेण लावून रंगवलेल्या कापडावर दिसतात तशा) तड्यांसाठी अर्धा कप मैदा, अर्धा कप पाणी आणि दोन चमचे तुरटीची पूड नीट फेटा. धुतलेलं सुती कापड (नव्या कापडाची कांजी गेलीच पाहिजे, नाहीतर रंग शिरत नाही) पाटावर ताणून चिकटपट्टीने पक्कं करा आणि त्यावर हे मिश्रण दोन मिलिमीटर जाड पसरा. रात्रभरात वाळून कापड आक्रसतं. ते सोडवून चुरगळलं की तडे जातात. बारीक तडे हवेत तर बारीक घड्यांनी चुरगळा. वर कापडाचा रंग किंचित पातळ करून ब्रशने तड्यांत घासा. हे कापड रंगाच्या पाण्यात बुडवायचं मात्र नाही, बुडवलं की सगळा थर विरघळून जातो. रंग चोवीस तास वाळू द्या, मग गार पाण्यात अर्धा तास भिजवून बोथट सुरीने थर खरवडा.

खरवडलेलं कचऱ्यात टाका, मोरीत नको. आणि त्यामागून गरम पाणी तर मुळीच ओतू नका, नाहीतर पाइपातच खळ शिजेल.