मंगळवार पेठेतून ॲली पॅली

स्वारगेटहून सकाळी दहाची एसटी पकडली तेव्हा सॅकमध्ये दोन ड्रेस, आत्यासाठी बाकरवडी आणि एका चपट्या डबीत माझे तीन डार्ट होते, म्हणजे गोल बोर्डावर नेम धरून फेकायचे छोटे टोकदार बाण. टंगस्टनचे, प्रत्येकी बावीस ग्रॅमचे. तारीख ३ जानेवारी २०२५. त्या रात्री लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये, ज्याला सगळे लाडाने ॲली पॅली म्हणतात तिथे, जागतिक डार्ट स्पर्धेची अंतिम लढत होती. सतरा वर्षांचा ल्यूक लिटलर आणि तीन वेळचा विजेता मायकेल व्हॅन गर्वेन. पुण्यात माझ्या ओळखीत अशा लढतीसाठी रात्रभर जागणारं कोणी नाही. कोल्हापुरात मात्र माझी आतेबहीण आहे, आणि तिने महिनाभरापूर्वी गच्चीवर बोर्ड लावला होता. मग काय, निघाले.

प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कराडच्या पुढे रस्त्याच्या कामापायी एसटी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. पुढेमागे उसाच्या ट्रॉल्या, मधेच धुराड्याचा धूर दिसला की गुळाचा वास. पंचगंगा ओलांडली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते.

आत्याचं घर मंगळवार पेठेत, खासबाग मैदानापासून चालत पाच मिनिटांवर. बहीण दारातच उभी होती. "किती उशीर गं! मी चारपासनं वाट बघतोय." कोल्हापूरच्या मुलींचं हे 'मी बघतोय, मी जातो, मी खातो' ऐकलं की मला घरी आल्यासारखं वाटतं. चहासुद्धा न घेता तिने मला वर नेलं.

गच्चीवर एका बाजूला पत्र्याची खोली. आत भिंतीवर बोर्ड, वर एक बल्ब, खाली पोतं अंथरलेलं. मी लगेच उभी राहून बघितलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बोर्ड खाली होता. बुल, म्हणजे मधला लाल ठिपका, जमिनीपासून ५ फूट ८ इंचांवर लागतो. इथे तो पुरता दोन इंच खाली आला होता. आम्ही वर-खाली बघत असताना आत्याचे यजमान, आमचे मामा, जिना चढून आले. मामा सुतार. वय सत्तरीकडे झुकलेलं. तरुणपणी तालमीत घुमलेले, त्यामुळे कान अजून त्याची साक्ष देतात. कानामागे पेन्सिल होती, खिशात टेप होता.

"किती पाहिजे? नीट सांगा. अंदाजपंचे काम मी करत नाही."

मी माप सांगितलं. बोर्डाच्या समोरच्या पृष्ठभागापासून उभं राहण्याच्या रेषेपर्यंतचं अंतर ७ फूट सव्वानऊ इंच. मामांनी मान वर केली. "सव्वानऊ? पाव इंच कशाला?" मीटरमध्ये २.३७ म्हटल्यावर ते जरा हसले, पण पाव इंच सोडला नाही. भोकं नव्याने पाडून, पाणपातळी लावून त्यांनी बोर्ड उचलला.

बोर्ड हातात असताना ते थांबले. अंगठ्याने बोर्डाच्या पृष्ठभागावर दाबून बघितलं, नाकाशी नेऊन वास घेतला. मग म्हणाले, "हे घायपात हाय."

मला हे पुस्तकी माहीत होतं. डार्टबोर्ड सिसलचा असतो, आणि सिसल म्हणजे आपलं बांधावर उगवणारं घायपात किंवा त्याचं सख्खं भावंड. तंतू विंचरून, त्यांच्या घट्ट वळ्या करून, त्या आडव्या कापून पोलादी कड्यात दाबून बसवतात. म्हणजे बोर्डावर आपल्याला दिसतात ती तंतूंची टोकं, लाखो टोकं, एकमेकांना खेटून उभी. डार्ट घुसतो तो दोन तंतूंच्या मधे, आणि काढला की तंतू पुन्हा मिटतात. म्हणून लाकडासारखं भोक राहत नाही आणि बोर्ड वर्षानुवर्षं टिकतो. हे सगळं मला ठाऊक होतं, पण बोटांनी ओळखणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मामा लहानपणी गावाकडे उन्हाळ्यात बांधावरचं घायपात कापायचे, ओढ्यात कुजत घालायचे, मग बडवून वाख काढायचा आणि कासरे वळायचे. "हाताला अशी खाज सुटायची," ते म्हणाले. "आणि ह्याचा इंग्रजांनी खेळ केला होय."

त्यांनी ट्रिपल वीसची, म्हणजे वीसच्या तिप्पट गुण देणारी, पट्टी बोटाने मोजली. आठ मिलिमीटर रुंद. करंगळीचं नखसुद्धा तिच्यात मावत नाही. तिथे एक डार्ट गेला की साठ गुण, तिन्ही गेले की एकशे ऐंशी. आणि वीसच्या दोन्ही बाजूंना एक आणि पाच. म्हणजे लोभाने मोठ्या आकड्यावर नेम धरावा आणि बोट जरा हललं की सगळ्यात हलकं पदरात पडावं, अशी ती मांडणी. मामा बराच वेळ त्या एक आणि पाचकडे बघत राहिले.

रात्री तांबडा-पांढरा झाला. त्याचं वर्णन करत नाही, ज्यांनी आत्याच्या हातचा पांढरा प्यायला नाही त्यांना ते शब्दांत सांगता येणार नाही.

लढत आपल्याकडे रात्री दीडनंतर सुरू होणार होती. लॅपटॉप टीव्हीला जोडला. थंडी चांगलीच होती, आत्या वाकळ घेऊन कोपऱ्यात बसली. मामा झोपायला जातील असं वाटलं होतं, पण ते बसले. त्यांना नियम सांगायला दहा मिनिटं पुरली. ५०१ पासून उलटं मोजत यायचं, एका पाळीला तीन डार्ट, आणि शेवटचा डार्ट डबलवर, म्हणजे कडेच्या बारीक पट्टीत, किंवा मधल्या बुलमध्येच लागला पाहिजे. बरोबर शून्य. जास्त झालं तर ती पाळी फुकट. असा एक डाव म्हणजे लेग, तीन लेग जिंकले की एक सेट, आणि अंतिम फेरीत आधी सात सेट घेईल तो जिंकला.

"म्हणजे हाणत सुटून चालत नाही," मामा म्हणाले. "शेवटी चितपटच करावा लागतो."

मला हा खेळ कॉलेजच्या होस्टेलवर भेटला आणि आज बारा वर्षं मी लोकांना समजावून सांगते की हा दाराला टांगायचा टाइमपास नाही. मामांनी एका वाक्यात जे पकडलं ते सांगायला मला पंधरा मिनिटं लागतात आणि तरी समोरचा हसतो.

खेळाडू येईपर्यंत मी त्यांना ब्रिस्टो आणि टेलरची गोष्ट सांगितली. एरिक ब्रिस्टो, ऐंशीच्या दशकातला बादशहा, पाच वेळा जगज्जेता. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कारखान्यात सिरॅमिकच्या वस्तू बनवणारा फिल टेलर त्याच्या नजरेला पडला. ब्रिस्टोने त्याला १०,००० पौंड दिले, नोकरी सोड आणि फक्त खेळ म्हणून. १९९० च्या जागतिक अंतिम सामन्यात तोच टेलर ब्रिस्टोसमोर उभा राहिला आणि त्याने गुरूला ६-१ ने हरवलं. पुढे टेलरने एकूण सोळा जागतिक विजेतेपदं घेतली.

"वस्ताद एक डाव राखून ठेवतो," मामा म्हणाले. "ह्यानं नव्हता ठेवला वाटतं."

मी म्हटलं, मामा, त्याच्याकडे तो उरलाच नव्हता. त्याआधी काही वर्षं ब्रिस्टोला डार्टायटिस झाला होता. नाव विनोदी वाटतं, पण प्रकार भयंकर आहे. हात वर जातो, नेम लागतो आणि बोटं डार्ट सोडतच नाहीत. जगातला सर्वोत्तम खेळाडू रेषेवर उभा राहून डार्ट सुटायची वाट बघतो. हे मी फार आतून सांगू शकते, कारण २०२३ च्या पावसाळ्यात मला तेच झालं होतं. तीन महिने. हात कानाशी जायचा, पुढे यायचा, आणि तिथेच थिजायचा. मी बोर्ड उतरवून पलंगाखाली ठेवला होता. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं, त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. मामा काही बोलले नाहीत.

लढत सुरू झाली. लिटलर सुसाट सुटला, बघता बघता चार सेट त्याचे. सुरुवातीला व्हॅन गर्वेनचे डार्ट डबलवर चुकत होते. मी आणि बहीण बोर्डाकडे बघत होतो, आकडे मोजत होतो. मामा बोर्डाकडे बघतच नव्हते. थोड्या वेळाने म्हणाले, "ते पोरगं बघा. डोकं हलत नाही त्याचं. हात जातोय, पण मान तिथंच. आणि तो डच गडी टाकून व्हायच्या आधीच फळीकडं पळतोय." मी पुन्हा बघितलं. खरंच. एवढी वर्षं मी सामने बघतेय, डार्ट कुठे लागला ते बघतेय. मामांनी खेळाडूचं अंग वाचलं.

आणि मग लक्षात आलं की ॲली पॅलीच्या त्या तीनेक हजार माणसांनाही बोर्ड दिसत नाही. लांबच लांब टेबलं, रंगीबेरंगी सोंगं घेतलेले लोक, गाणी, आणि मंचावर साडेचारशे मिलिमीटरचा बोर्ड. डार्ट कुठे लागला हे सगळे पडद्यावरच बघतात. डोळ्यांनी प्रत्यक्ष दिसतो तो फक्त माणूस. त्या कल्लोळात एकट्याने आठ मिलिमीटरच्या पट्टीवर नेम धरणारा.

व्हॅन गर्वेन परत आला, सेट काढू लागला, आणि दोघांचीही तीन डार्टांमागची सरासरी शंभर गुणांच्या वर राहिली. पण सुरुवातीची आघाडी भारी पडली. ७-३. लिटलरला अठरा पूर्ण व्हायला अजून अठरा दिवस होते. इतका लहान जगज्जेता याआधी झाला नव्हता, आणि ह्या स्पर्धेतला याआधीचा सर्वात तरुण विजेता म्हणून ज्याचं नाव होतं तोच, २०१४ साली चोवीसाव्या वर्षी जिंकलेला व्हॅन गर्वेन, त्याच्यासमोर उभा होता. वर्षापूर्वी ह्याच मंचावर लिटलर ल्यूक हम्फ्रीजकडून ७-४ ने हरला होता. पोरगं रडलं. बहीणही रडली. आत्या वाकळीत शांत झोपली होती.

सकाळी मामा मला खासबागेत घेऊन गेले. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. रोमचं कलोसियम बघून त्यांनी आपल्या मल्लांसाठी असं मैदान मनात धरलं आणि १९१२ मध्ये ते उभं राहिलं. मधे खोल आखाडा, चहूबाजूंनी चढत गेलेल्या बैठका. मैदानाला लागून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं, त्या बाजूला बघवत नव्हतं. आम्ही पाठ करून बसलो.

"इथं कुठनंबी पैलवानाचे पाय दिसतात," मामा म्हणाले. "म्हणून माणसं बघायला शिकली."

मला वाटतं, कोल्हापूरने नेमबाज उगाच नाही दिले. २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत, आणि पॅरिसला कांस्य घेऊन आलेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. मान स्थिर, श्वास मोजलेला, पाय रोवलेले. मातीतला पैलवान आणि रायफलवाला ह्यांच्यात मला आता फार अंतर वाटत नाही. डार्टला मात्र अजून आपल्याकडे कोणी मैदान दिलेलं नाही. चेन्नईचा नितीन कुमार भारतासाठी ॲली पॅलीच्या मंचावर उभा राहिला आहे, आणि रस्त्यात दहा जणांना विचारलं तर दहाही जण त्याचं नाव पहिल्यांदा ऐकतील. हे मला मनापासून लागतं.

उठताना मामा रात्रीच्या गोष्टीवर आले. एखाद्या पैलवानाचा हुकमी डाव चालेनासा झाला की त्यांचे वस्ताद त्याला कुस्ती बंद करायला लावायचे, तालीम नाही. रोज यायचं, लंगोट लावायचा, आखाडा उकरायचा, बैठका मारायच्या आणि घरी जायचं. "महिनाभर नुसतं अंग तिथं आणायचं. डावाचं नाव काढायचं नाही." मी विचारलं, मग डाव परत यायचा का? "कुणाचा यायचा. कुणी दुसरा शिकायचा."

माझा हात परत आला तो मी पकड बदलल्यावर, तीनऐवजी चार बोटं लावायला लागल्यावर. मामांना हे मी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाऊन परत आलो तर वरून रंध्याचा आवाज येत होता. मामांनी सागाची एक पट्टी तासून ठेवली होती, पाय टेकवायला. ह्या पट्टीला डार्टवाले ऑकी म्हणतात. उंची दीड इंच, कडा बोट फिरवलं तरी लागणार नाहीत इतक्या गुळगुळीत. टेपने तीनदा मोजून त्यांनी ती जमिनीला ठोकली आणि शेवटचा खिळा बसल्यावर बाजूला झाले.

मी डबी उघडली, तोवर बहिणीने तिचे पितळी डार्ट हातात घेतलेच होते.

"सरक," ती म्हणाली, "आधी मी टाकतो."

वीस, एक, ट्रिपल वीस. मामा बोर्डाकडे बघत नव्हते.